जुन्या पल्सरच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय. सील बदलून भागेल की दोन्ही शॉकअप नवीन टाकावेत?

तुमची २००७ची पल्सर १५०, राहायला पुण्यात धायरीला, उजव्या शॉकअपच्या पाइपवरून तेल ओघळतंय. सील वर्षापूर्वीच बदललं होतं आणि आता मेकॅनिक दोन्ही शॉकअप नवीन टाका म्हणतोय. सील आणून घरीच बसवलं तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

घरी नक्की जमेल. पण सील वर्षात गेलं म्हणजे दोष बहुधा सीलचा नाही, पाइपचा आहे. सील म्हणजे शेवटी रबराची एक पातळ कड. ती पाइपला चिकटून दिवसभर वरखाली घासते. पाइपवर गंजाचा बारीकसा खड्डा असला तरी ती कड तिथे प्रत्येक फेरीला ओरखडली जाते. तसल्या पाइपवर कितीही भारी सील बसवा, पुढच्या पावसाळ्याच्या आत पुन्हा तेल दिसणार. म्हणून दुकानात जायच्या आधी पाइप तपासा.

त्याहीआधी डिस्क बघा. तेल कॅलिपरपर्यंत, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत, पोचलं असेल तर गाडी अजिबात बाहेर काढू नका, कोपऱ्यावरून भाजी आणायलासुद्धा नाही. पॅड पेट्रोलने धुऊन वापरा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी तसं सांगणार नाही. पॅड तेल शोषून घेतात, वरून कोरडे दिसले तरी तापले की तेल पुन्हा बाहेर येतं. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ होते, पॅड मात्र नवेच टाका.

आता पाइप. स्क्रूड्रायव्हरने डस्ट सील (तेल अडवणाऱ्या ऑइल सीलच्या वरचं धुळीचं झाकण) हळूच उचका आणि वर सरकवा. सिंहगड रस्त्याच्या चिखलातून पावसाळाभर चाललेल्या गाडीत त्याच्याखाली वाळलेल्या मातीचं कडं निघतंच. वॉशिंग सेंटरवाले प्रेशरचा फवारा नेमका तिथे मारतात, त्याने माती आणखी आत जाते. ती साफ करा. घरात जुना एक्स-रे असेल तर त्याची बोटभर रुंद पट्टी कापा, टोक गोलसर करा, पाइप आणि ऑइल सीलच्या मधून अलगद घालून गोल फिरवा. अडकलेला कण निघाला की कधी कधी एवढ्यावरच गळती थांबते.

मग पाइप रॉकेलच्या फडक्याने पुसा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप दहा-बारा वेळा दाबा आणि नीट बघा. तेलाचं कडं चहूबाजूंनी सारखं उमटलं तर बऱ्याचदा सील झिजलेलं किंवा कडक झालेलं असतं. एकाच जागी उभी रेघ ओघळली तर त्याच रेघेत नख फिरवा. नखाला लागत नसेल तर कापसाचा बोळा फिरवा, जिथे धागे अडकतील तिथे खड्डा आहे. सील जिथपर्यंत पोचतं तेवढाच भाग महत्त्वाचा. वर टीजवळ (दोन्ही पाइप धरणाऱ्या पट्टीजवळ) गंज असेल तर त्याने गळती होत नाही. दगडाचा एखादा टोचा असेल तर त्याची वर आलेली धार १००० नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून मोडता येते. गंज क्रोमखाली शिरून पापुद्रे सुटत असतील तर पाइपच बदला. पल्सरचे पाइप नाना पेठेत मिळतात, त्यामुळे तुम्हाला हार्ड क्रोमच्या, म्हणजे जुन्या पाइपवर नवा क्रोम चढवून घ्यायच्या, भानगडीत पडायची गरज नाही. येझदी असती तर भोसरी एमआयडीसीत जा म्हणालो असतो.

पाइप बाहेर काढल्यावर तो वाकलाय का तेही बघा. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर लोळवा. खालून उजेडाची फट उघडझाप करत असेल तर पाइप वाकलाय आणि वाकलेला पाइप सील एकाच बाजूने खातो.

खोलताना क्रम सांभाळा. मेन स्टँड लावून इंजिनखाली लाकूड द्या म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. पाइप टीमध्ये असतानाच वरचा कॅप बोल्ट सैल करा आणि खालचा ॲलन बोल्टही तेव्हाच. आत स्प्रिंगचा दाब असतो म्हणून तो सुटतो; नंतर आतला रॉड बोल्टबरोबरच गरगर फिरत बसतो. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, सुतळीने हँडलला बांधा. पॅडच्या मध्ये पुठ्ठा घाला, नाहीतर चुकून कोणी लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतो. शेवटी कॅप काढताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग उसळते.

जुनं सील उचकताना टायर लिव्हरखाली चिंधी ठेवा, कारण सील ज्यात बसतं त्या खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीच्या काठाला खाच पडली तर नवीन सील बाहेरच्या बाजूने गळतं. नवीन सीलची बारीक स्प्रिंग असलेली बाजू खाली, तेलाकडे. पाइपच्या टोकाला दुधाची पिशवी गुंडाळून, तेल लावून, सील त्यावरून सरकवा म्हणजे कड फाटत नाही. वर जुनं सील ठेवून पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखं ठोका. बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ वाजणारं भरीव वाजायला लागतं. सील जागेवर धरणाऱ्या लॉकची खाच पूर्ण दिसेपर्यंत थांबू नका. उजवं गळतंय म्हणून एकटं उजवं नको, दोन्ही बदला. ॲलन बोल्टखालचं तांब्याचं वॉशरही नवीन घ्या.

तेलाच्या बाबतीत लोक फार बेफिकीर असतात. उरलेलं इंजिन ऑइल ओतू नका, फोर्क ऑइल घ्या आणि मॅन्युअलमध्ये असेल तेवढंच, मापाच्या भांड्याने मोजून, दोन्हीकडे सारखं घाला. ‘थोडं जास्त घातलं की शॉकअप कडक होतो’ म्हणून हात सैल सोडणारे असतात. पण तेलाच्या वर उरलेली हवा खड्ड्यात दाबली जाते. तेल जास्त म्हणजे हवेला जागा कमी, आणि मग कात्रजच्या उतारावर एखाद्या मोठ्या खड्ड्यात तो सगळा दाब नव्या सीलवर येतो. गेल्या वेळी तुमचं तेल मोजून घातलं होतं का, मेकॅनिकला जरूर विचारा.

जोडताना पाइप दोन्हीकडे सारख्या उंचीवर आहेत ना बघा. ॲक्सल हाताने लावा, गाडी जमिनीवर घेऊन शॉकअप चार-पाच वेळा दाबा आणि मगच घट्ट करा. दोन्ही शॉकअप एकमेकांना समांतर नसतील तर ते अडकत चालतात. आणि गाडीवर बसायच्या आधी ब्रेकचा लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या दोन-तीन दाबांत तो मोकळाच जातो.

ओट्यावर पाइप कसा लोळला ते इथेच कळवा. फोटो टाकलात तर पाइप ठेवायचा की बदलायचा ते सांगेन.