मोफत ॲप आणि मुक्त सॉफ्टवेअर एकच का? मुक्त सॉफ्टवेअर वापरलं की खासगीपणा आपोआप जपला जातो का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. पीक विमा, सातबारा, आधार, शिष्यवृत्ती असे सगळे फॉर्म माझ्याकडे भरले जातात, त्यामुळे हा विषय रोज समोर येतो.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये किंमत हा मुद्दाच नाही. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनयू प्रकल्प, म्हणजे संगणक चालवणारी पूर्ण मुक्त प्रणाली बनवायचं काम, जाहीर केला. त्या चळवळीने सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचे चार हक्क मांडले: ते कुठल्याही कामासाठी चालवता आलं पाहिजे, आतला कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या सूचना, वाचून बदलता आला पाहिजे, प्रती वाटता आल्या पाहिजेत आणि आपण बदललेली प्रतही वाटता आली पाहिजे. फुकट मिळणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये यातला एकच हक्क असतो, चालवण्याचा, आणि तोही कंपनीच्या अटींवर.

हे हक्क सॉफ्टवेअरच्या परवान्यात, म्हणजे ते वापरण्याच्या अटींत, लिहिलेले असतात. मुक्त परवान्यांमध्येही मोठा फरक आहे. एमआयटी किंवा बीएसडी परवान्याचा कोड घेऊन कंपनी त्यावर बंदिस्त माल, म्हणजे कोड न दाखवलेलं सॉफ्टवेअर, तयार करू शकते. जीएनयू प्रकल्पाचा 1989 चा परवाना, जीपीएल, ते करू देत नाही. बदललेलं सॉफ्टवेअर वाटायचं असेल, तर घेणाऱ्यालाही तेच हक्क आणि कोड द्यावा लागतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 2013 मध्ये ग्रामदान कायद्याखाली जमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, तसंच हे. कसायचं आपापलं, पण बाहेरच्याला विकून मोकळं होता येत नाही. यात मालकाचं स्वातंत्र्य कमी होतं, असं काही जण म्हणतात. मला जीपीएलचीच बाजू पटते, कारण एकाच्या मोकळीकीपायी पुढच्या सगळ्यांची वाट बंद होऊ नये.

खासगीपणाचं तसं नाही. तो हक्क परवान्यातून येत नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि त्याचा आधार घटनेच्या कलम 21 मध्येही आहे. तरी गावात अजून ऐकू येतं, "आपल्यापाशी लपवासारखं हाये काय?" पेरणीच्या तोंडावर मोबाइलवरून कर्ज घेतलेल्या माणसाचा हप्ता चुकतो, आणि त्याच्या फोनमधून उचललेल्या नंबरांवर सोयऱ्याधायऱ्यांना शिव्यांचे फोन जातात, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मिळतं. त्याने काहीच लपवलेलं नसतं, पण त्याची अब्रू जाते. कर्जाच्या ॲपने फोनमधले संपर्क, फोटो, कॉलची यादी यांना हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बजावलं आहे. असं ॲप संपर्कांची परवानगी मागत असेल, तर ते तिथेच काढून टाका.

आता दोन्हींचा संबंध. कोड खुला असला की तो काय करतो हे जाणकाराला तपासता येतं, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. सिग्नल या निरोप पाठवायच्या ॲपचा कोड कुणीही वाचू शकतो. निरोप तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून व्हॉट्सॲप सिग्नलचीच कूटबद्धतेची पद्धत (प्रोटोकॉल) वापरतं, पण त्याच्या ॲपचा कोड खुला नाही, म्हणून तिथे कंपनीच्या शब्दावर बरंच सोडावं लागतं. पण कोड तपासता येणं म्हणजे माहिती सुरक्षित असणं नव्हे. तुमच्या ॲन्ड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सच आहे, फोन-संगणक चालवणारं, जीपीएलखालचं मुक्त सॉफ्टवेअर. त्यावर बंदिस्त सेवा बसवल्या, की तुम्ही कुठे फिरता याची माहिती बाहेर जाऊ शकते, आणि जीपीएल त्याला अडवत नाही.

माझ्या केंद्रातला संगणक लिनक्सवर चालतो, अर्ज मी लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. तरी प्रिंटसाठी आलेली आधारची पीडीएफ डाउनलोडमध्ये पडून राहिली, तर कुठलाही परवाना तिला वाचवणार नाही. म्हणून प्रिंट निघाली की ती फाइल मी गिऱ्हाइकासमोर पुसतो. पूर्ण नंबराची गरज नसेल तिथे मास्क केलेलं आधार काढून देतो, त्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. मुक्त सॉफ्टवेअर न वापरणाऱ्या केंद्रवाल्यालाही हे करता येतं, आणि त्याने ते करायलाच हवं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर ॲन्ड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइड हे ॲपचं दुकान टाकून पाहा. तिथे मुक्त परवान्याचीच ॲप असतात, आणि एखादं ॲप वापरणाऱ्यावर पाळत ठेवत असेल किंवा बंदिस्त सेवेवर अवलंबून असेल, तर तसं त्याच्या पानावर लिहिलेलं असतं. टाकण्याआधी ते वाचा.