सीएलला नाव देण्याआधी

प्रिय मित्रा,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. ‘दादा, सगळे म्हणतायत म्हणून यंदा सीएलच्या इंटरव्ह्यूला नाव देतोय.’ सीएल म्हणजे काँटिंजंट लीडर, दुसऱ्या कॉलेजांच्या फेस्टिव्हलला जाणाऱ्या आपल्या टीमचा म्होरक्या. वाचून हसलो. आपल्याकडे आमदारकीचा उमेदवारसुद्धा स्वतःहून उभा राहत नाही, कार्यकर्त्यांचा आग्रह असतो! कॉलेजातले मुलगे तेच उचलतात. पद हवं असतं, पण ‘हवंय’ म्हणायची लाज वाटते. तू सरळ सांग, मला हवंय. का हवंय हे मात्र आधी स्वतःशी शोध, कारण पुढचा प्रश्न तोच येईल.

माझं सांगतो. 1997 साली मी एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, गेलो ते निव्वळ जास्तीच्या मार्कांसाठी. दोन वर्षांत 240 तास भरायचे आणि एक शिबिर करायचं, एवढंच डोक्यात. शिबिर पालघरजवळच्या एका गावात होतं, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. ओढ्यावर वनराई बंधारा घालत होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं, एकीवर एक रचायची. तिसऱ्या दिवशी एका सीनिअरने मला गोणी खाली ठेवायला लावली आणि हातात वही दिली. ‘उद्यापासून हजेरी तू घे.’ बस्स. घरी आई मला भाजीलासुद्धा पैसे मोजून द्यायची, आणि इथे साठ जणांची हजेरी! त्या वहीने मला चटक लावली. पुढच्या वर्षी मी लीडर झालो.

ती वही माझ्याकडेच का आली, याचा विचार मी फार उशिरा केला. माझा आवाज मोठा होता, दुसरं कारण मला तरी सापडलेलं नाही. शिधा, बसचं भाडं, औषधांची पेटी, सगळं एक मुलगी बिनबोभाट सांभाळत होती. लीडर निवडताना सरांनी विचारलं, ‘मुलग्यांपैकी कोण येतंय?’ मी हात वर केला. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली, ‘विचारलं असतंत तरी नाहीच म्हटलं असतं. तुमच्या मीटिंगा सातला सुरू व्हायच्या, मला आठच्या आत डोंबिवलीला घरी पोचायचं असायचं.’

मुंबईत अर्धी पदं अशीच ठरतात. प्रॅक्टिस रात्री दहापर्यंत चालते, मग कट्ट्यावर चहा, आणि खरे निर्णय त्या चहावर होतात. जो थांबू शकतो तो पुढे जातो. मुलग्याला घरून फार तर ‘जेवून येणारेस का?’ एवढाच फोन. या मोकळीकीला आपण नेतृत्वगुण म्हणतो. सगळ्या मुलग्यांना तीही मिळत नाही म्हणा. लेक्चर संपल्यावर डिलिव्हरीची बाइक काढणारा पोरगा तुमच्या टीममध्ये असेलच, तोही त्या चहाला नसतो.

निवडणुका असत्या तर बरं, असंही तू लिहिलंयस. असेल. आमच्या वेळी मतदान नव्हतंच, 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी मार्कांवर नेमायचे. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली. विद्यार्थी निवडणुकांसाठी सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये लागू केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी एकदा वाच. उमेदवाराला खर्चाची मर्यादा 5,000 रुपये आणि हजेरी किमान 75 टक्के. तुझं पद निवडणुकीचं नाही, तरी हजेरीचं लक्षात ठेव. कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये सीएलचं नाव पहिलं लागलेलं मी पाहिलंय, आणि मग स्पॉन्सरच्या चेकसाठी ज्या ऑफिसात सही मागायची तिथेच माफीचा अर्जही न्यावा लागतो.

तुझ्याच मेसेजमध्ये जाता जाता टीममधल्या एका मुलीबद्दल एक वाक्य आहे, ‘सगळ्या एन्ट्रीज आणि पैशांची शीट तीच बघते, मला त्यातलं काही कळत नाही.’ ती नाव देतेय का? विचारलंस का? ‘तिला आवडत नाही’ असं उत्तर देऊ नकोस, तिच्या तोंडून ऐकून ये. आणि विचारताना मीटिंग दुपारच्या ब्रेकमध्ये घेऊ, हेही सांग.

शनिवारी मी माटुंग्याला येतोय. वेळ तिला विचारून कळव.

तुझा,
दादा