थंड करायची ती काकडी, कोशिंबीर नाही!

प्रश्न: ताई, नाशिकला दुपारी दाराबाहेर बघवत नाही इतकं ऊन तापतंय. सासऱ्यांना गरम आमटी-भाजी जात नाही म्हणून मी सकाळी डब्यांच्या गडबडीतच दह्यातली काकडीची कोशिंबीर करून फ्रिजमध्ये ठेवते, पण एक वाजता झाकण काढलं की नुसतं पाणी आणि त्यात काकडी तरंगतेय. मीठ लावून पिळून घेऊ का? त्यांना बीपीमुळे मीठ कमी सांगितलंय. आणि मधेच एखादी काकडी कडू निघाली की सगळंच वाया.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: पिळू नका हो! काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते बाहेर यायला लागतं, साखरेनेही तेच होतं, त्यामुळे सकाळी सगळं कालवून ठेवलं तर दुपारपर्यंत पाणी सुटणारच. पिळून पाणी जाईल पण काकडीची ताजी चव पण त्याच्याबरोबर जाईल, आणि मीठ लावून ठेवल्यावर आत नेमकं किती राहिलं ते कळत नाही, बीपीवाल्या माणसाला तो अंदाजपंचे कारभार नकोच.

सकाळी फक्त अख्खी काकडी धुऊन फ्रिजमध्ये ठेवा आणि दही फडक्यात अर्धा तास टांगून तेही आत ठेवा. जेवायच्या दहा मिनिटं आधी काकडी सोलून डाव्या हातात उभी धरा, सुरीने उभ्या, एकमेकींच्या अगदी जवळ चिरा पाडा आणि मग आडवी कापत खाली या, म्हणजे चोचवून घ्या. किसू मात्र नका, किसणीवर काकडी चिरडते आणि तिथेच पाणी सोडते. त्यात दाण्याचं कूट, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि दही घाला. तूप-जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी आधीच करून गार झालेली असू द्या, गरम फोडणीने सकाळपासूनचा गारवा जातो. मीठ ताटात वाढताना, म्हणजे ज्याला जेवढं चालतं तेवढंच पडतं. कूट आणि लिंबू जरा सढळ हाताने घातलं की कमी मीठ जाणवत पण नाही, माझं तर ठाम मत आहे की उन्हाळ्यात दह्यापेक्षा ही लिंबाची खमंग काकडीच जास्त चांगली लागते.

कडूपणाचं म्हणाल तर तो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, वेलाला उन्हाचा ताण पडला, पाणी कमी-जास्त झालं की वाढतो, आणि देठाकडे नि सालीखाली जास्त असतो. म्हणून देठाकडचा भाग जरा जास्तच कापा, साल जाड काढा आणि प्रत्येक काकडीची चकती चाखूनच ती चिरायला घ्या. खूपच कडू असेल तर सरळ टाकून द्या, दह्यात लपवू नका, पोट बिघडू शकतं. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात घेताना कोवळी, बारीक, दाबून कडक लागेल अशी बघा, पिवळट झालेली जून काकडी कोशिंबिरीला नकोच.

आणि आपल्याकडे द्राक्षं मिळताहेत तोवर थोडी अर्धी चिरून घाला, साखर लागणार नाही.

उरलीच तर रात्री ज्वारीच्या पिठात घालून थालीपीठ लावा, भिजवायला वेगळं पाणी फारसं लागत नाही.