नळावर बोललेलं नळावरच मागे घ्यायचं

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमचा राग आला, ते आधीच सांगून टाकते. तिसऱ्यांदा वाचताना तुमच्या जिवाची घालमेल कळली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. मी बोलणार आहे ते मुख्यतः एकीबद्दल.

बेळगावातल्या तुमच्या वडगावच्या गल्लीतला, इथे इंग्लंडात लीड्सला शिकणारा मुलगा नोव्हेंबरातल्या एका शनिवारी रात्री मित्रांबरोबर बाहेर पडला आणि खोलीवर परतला नाही. फोन बंद. मंगळवारी तो हॉस्पिटलात सापडला. डोक्याला मार होता, फोन-पाकीट गेलेलं, स्वतःचं नाव सांगायच्याही अवस्थेत नव्हता. आता तो हिंडतो-फिरतो, कॉलेजला जातो. तिकडे त्याच्या आईची मात्र दशा तुम्हीच लिहिलीय : ‘काकू मंगाईच्या देवळातसुद्धा जात नाहीत. कुणी ना कुणी विचारतंच, पोरगं नक्की कुठं होतं म्हणून.’

आणि त्याच्या खालच्या ओळीत तुम्ही लिहिता : ‘मावशी, मी फक्त पुढे पाठवलं हो. त्यात माझं स्वतःचं एक अक्षर नव्हतं.’

ताई, हे मला पटत नाही. मुलगा पिऊन कुठेतरी पडला असणार, नाहीतर कुणा मुलीच्या भानगडीत असणार, अशी ती व्हॉइस नोट होती. तुम्ही ती गल्लीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर आणि निपाणीच्या नणंदेला पाठवलीत. आपण इंग्लंडात राहतो. त्यामुळे आपण पाठवलं की बेळगावात ते ‘तिथल्यांनी सांगितलं’ होतं. लीड्स तुमच्यापासून दोनशे मैल लांब असेल, पण गल्लीच्या लेखी तुम्ही त्याच्या शेजारीच राहता. तुमच्या एका बोटाचं वजन इतकं असतं.

वेळेचाही विचार करा. हिवाळ्यात आपल्यात आणि बेळगावात साडेपाच तासांचं अंतर. इथे पहाटेचे दोन वाजलेले, मुलाचे मित्र रस्त्यावर त्याला शोधत फिरतायत. तिकडे सकाळचे साडेसात, चहा झालेला, हातात फोन. ज्यांना खरं माहीत होतं ते शोधण्यात गुंतलेले होते आणि बोलायला मोकळे होते ते काही न पाहिलेले. पोलीसही गप्प. त्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या लोकांनी ‘म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे’ असा लावला. पण इथले पोलीस सज्ञान माणसाबद्दल कुणालाही सहज काही सांगत नाहीत. तो सापडला आणि ‘माझा पत्ता घरी देऊ नका’ म्हणाला, तर सुखरूप आहे एवढंच कळवतात, पत्ता आईबापांनाही देत नाहीत. हॉस्पिटलचंही तसंच. हा इथला नियम आहे. त्यावरून मुलाच्या चारित्र्याचा निकाल लावायचा नसतो.

जून २०२४ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर सुट्टीला गेलेला १९ वर्षांचा एक ब्रिटिश मुलगा रात्रभराच्या पार्टीनंतर बेपत्ता झाला होता. जवळजवळ महिन्याने, १५ जुलैला, दरीत त्याचा मृतदेह सापडला. उंचावरून पडला होता. पुढे चौकशीतही अपघातच ठरला. त्या चार आठवड्यांत, ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं अशा माणसांनी टोळ्या, पैसे, अपहरण यांच्या कथा रचून व्हिडिओ केले आणि त्याची आई ते सगळं वाचत-ऐकत होती. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाचा एक भारतीय वंशाचा विद्यार्थी बेपत्ता होता. बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले आणि लोकांनी फोटो जुळवून ते याच्याच माथी मारले. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी उघडलेल्या फेसबुक पानावर शिव्यांचा इतका भडिमार झाला की ते पान त्यांना काही काळ बंद करावं लागलं. स्फोटाशी त्या मुलाचा काडीचा संबंध नव्हता. काही दिवसांनी नदीत त्याचा मृतदेह मिळाला. शोधाचं पानच बंद पडलं, ताई. मला सगळ्यात जास्त ते लागतं.

आता माझ्या घरचं सांगते.

जून १९८६. मी बेळगावातल्याच शहापूरची, तेव्हा नववीत होते. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलेलं, गावात वातावरण तंग. माझा थोरला भाऊ एका संध्याकाळी घरातून गेला तो दोन रात्री आलाच नाही. फोन आमच्याकडे नव्हता. पहिल्या सकाळी गल्लीच्या नळावर ‘पोलिसांनी उचललं’ असं झालं, दुपारी ‘मुंबईला पळाला’. तिसऱ्या दिवशी तो चिखलाने भरलेला परत आला. मित्राच्या ट्रकवर गोव्याला गेला होता, येताना घाटात दरड कोसळून अडकला. न सांगता गेला म्हणून बाबांनी त्याला खूप बोललं, आणि ते बरोबरच होतं. पण गल्लीला गोवा एवढाच शब्द पुरला. आपल्याकडे गोव्याला जाऊन आला म्हटलं की पुढचं लोकच भरतात. ‘पिऊन पडला होता’ हे इतकं पसरलं की चंदगडचं चांगलं ठरत आलेलं स्थळ परत गेलं. भाऊ चहापलीकडे काही घेत नसे. आई पहाटे चारला उठून पाणी भरायला लागली, नळावर कुणी भेटू नये म्हणून.

ते थांबलं कसं? शेजारच्या आजींमुळे. पहिल्या दिवशी त्याच सगळ्यात जास्त बोलल्या होत्या. दोन महिन्यांनी एका सकाळी त्यांनी नळावर घागर खाली ठेवली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “त्या पोराबद्दल मी बोलले ते मला ठाऊक नव्हतं. उगीच बोलले. चुकलं बगा माझं.” आणि तिथूनच आईला हाक मारली. आमच्या घरात येऊन हळूच माफी मागितली असती तर तिचा काही उपयोग झाला नसता. जिथे बोलल्या तिथेच मागे घेतलं, म्हणून ते थांबलं. आई दुसऱ्या दिवसापासून सहाला पाण्याला जाऊ लागली.

तुम्ही विचारलंय, ‘मी ग्रुप सोडू का? काकूंना एकटीलाच मेसेज करू का?’ ग्रुप अजिबात सोडू नका. तुमची ती व्हॉइस नोट जिथे-जिथे गेली, तिथे-तिथे तुमच्या स्वतःच्या आवाजात नवी नोट पाठवा. ‘मी पाठवलं ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. मुलाला दुखापत झाली होती, तो हॉस्पिटलात होता. मी पाठवायला नको होतं.’ एवढंच. ‘कुणाचं मन दुखावलं असेल तर’ असलं काही त्यात घालू नका. मन दुखावलंय हे तुम्हाला माहीत आहे. निपाणीच्या नणंदेला वेगळा फोन करा आणि तिने पुढे कुणाला पाठवलं ते विचारा. अवघड वाटेल. मला कळतं. तरी करा. आणि मुलाचा फोटो तुमच्याकडून कुठे गेला असेल तर तोही काढा. सापडलेल्या मुलाचा ‘बेपत्ता’ फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो.

पुन्हा कुणावर अशी वेळ आली तर : चोवीस तास थांबायचं नसतं. इंग्लंडात १०१ ला फोन, जिवाला धोका वाटला तर ९९९. तक्रार मुलगा राहतो तिथल्या पोलिसांत. ‘मिसिंग पीपल’ या संस्थेचा ११६ ००० हा नंबर फुकट आहे, तिथे घरच्यांशीही बोलतात. बेळगावात आईबापांना सांगायचं ते एकानेच, फोन करून. ग्रुपवरून त्यांना कळता कामा नये.

बाकीचं थोडक्यात. तुमचा मुलगा फोनवर लोकेशन द्यायला तयार नाही, त्यावर भांडू नका. रात्री परतल्यावर एक मेसेज, एवढं मागा. सासूबाई येताना कुंदा आणणार म्हणतायत, तर नको म्हणा. दुधाचे पदार्थ भारतातून इंग्लंडात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील आणि त्यांना वाईट वाटेल.

ग्रुपवरचं झालं की काकूंना फोन करा, याच रविवारी. बेळगावात सकाळचे अकरा वाजले की इथे साडेपाच होतात, तेव्हा गजर लावून उठा. मुलाबद्दल काही विचारू नका. तुम्ही काय केलंत ते सांगा आणि मग त्या जे बोलतील ते सगळं ऐकून घ्या.