लीव्ह, क्विट, रिझाइन, अबॅन्डन, रिलिंक्विश: मराठीत सगळ्यांना 'सोडणे'च म्हणतात, मग स्पर्धा परीक्षेत फरक कसा ओळखायचा?

आधी परीक्षेपुरतं सांगते, मग मला जे सांगायचंय ते.

'लीव्ह' कुठेही चालतं, त्यामुळे त्यातून फारसं काही कळत नाही. 'क्विट' म्हणजे सोडून मोकळं होणं. नोकरीलाही चालतं, सिगरेटलाही. (१९४२ च्या 'क्विट इंडिया'त तो हुकूम होता, 'चले जाव'.) 'रिझाइन' पदाचा राजीनामा, आणि तो कुणाच्या तरी हातात द्यावा लागतो. 'रिलिंक्विश' म्हणजे हक्कावरचा हात काढून घेणं. बहिणी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करतात तिथे हा शब्द भेटतो. 'सरेंडर' म्हणजे समोरच्याच्या स्वाधीन करणं, एलआयसीची पॉलिसी करतात तसं. 'रिनाउन्स' जाहीरपणे नाकारणं, उदाहरणार्थ नागरिकत्व. 'फॉरफिट'मध्ये तुम्ही काही सोडत नाही, नियम मोडलात म्हणून ते जातं. आणि 'अबॅन्डन' म्हणजे टाकून जाणं, परत न येण्याच्या इराद्याने.

क्लासवाले हे सगळे एका ओळीत 'समानार्थी' म्हणून पाठ करून घेतात. करा पाठ, मार्क मिळतीलही. पण 'शेवटी अर्थ एकच ना' हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न बघून गप्प बसवेना.

आमचे अण्णा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात. गावी, संगमेश्वरजवळ, आजी पडवीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. अण्णा रजा टाकून गेले. रजा संपली तरी आजी उठेना, म्हणून त्यांनी पोस्टकार्डावर रजा वाढवून मागितली. ते कार्ड टाइम ऑफिसात पोचलं की वाटेत गहाळ झालं, देव जाणे. इकडे चाळीत रजिस्टर एडीने पत्र आलं. आईने सही करून घेतलं, आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, दहावीतली. 'यू हॅव अबॅन्डन्ड द सर्व्हिसेस ऑफ युवर ओन अकॉर्ड', सबब हजेरीपटावरून नाव कमी केलं आहे. शब्दकोशात पाहिलं: टाकणे, त्याग करणे. अण्णांनी कशाचा त्याग केला होता? ते आजीला बेडपॅन देत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मामा आला. मामा दुसऱ्या एका कंपनीत पर्सोनेलला, म्हणजे आताच्या एचआरला, होता, त्यामुळे अशा बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. त्याने फुलस्केपवर राजीनामा लिहूनच आणला होता, अण्णांनी गावाहून येऊन खाली सही करायची फक्त. "अबॅन्डन काय नि रिझाइन काय, ताई, नोकरी सुटली ती सुटलीच. भावोजींनी राजीनामा दिला तर डाग तरी लागणार नाही. फायनल हिशोब घ्यायचा आणि दुसरीकडे चिकटायचं."

अण्णा आले. सही करायच्या आधी युनियनच्या माणसाला भेटून येतो म्हणाले. तो लेथवर काम करणारा, सातवी शिकलेला. त्याने कायदा-बियदा काही सांगितला नाही. एवढंच विचारलं, "लॉकर रिकामा केलायस?"

लॉकर रिकामा नव्हता. आत सेफ्टी शूज, जादा शर्ट, दाराला आतून चिकटवलेला गणपती, आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला अण्णांचा स्वतःचा मायक्रोमीटर. टूल रूमच्या मायक्रोमीटरवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून स्वतःच्या पगारातून घेतलेला. घरी आम्हाला त्याला बोटसुद्धा लावायची परवानगी नव्हती. कायमचा निघालेला फिटर ती वस्तू मागे ठेवून जाईल? युनियनने लिहिलेल्या उत्तरात लॉकरमधल्या वस्तूंची यादी होती, आजीचे दवाखान्याचे कागद होते, आणि 'मी नोकरी सोडलेली नाही, कामावर हजर होण्यास तयार आहे' हे वाक्य होतं.

पुढे कंपनीची चार्जशीट, डोमेस्टिक इन्क्वायरी म्हणजे कंपनीतलीच चौकशी, सगळं रीतसर झालं. मधल्या काळाचा पगार बुडाला, लेखी ताकीद मिळाली, पण अण्णा परत कामावर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले.

हे नशिबाने झालं असं मामाचं अजूनही म्हणणं आहे. नशीब नव्हे. १९७९ मध्ये 'जी. टी. लाड विरुद्ध केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच शब्द आला होता. कामगार संपावर, आणि कंपनी म्हणते यांनी नोकरी 'अबॅन्डन' केली. कायद्यात व्याख्या सापडेना, तेव्हा न्यायमूर्तींनी चक्क इंग्रजी शब्दकोश उघडला आणि अर्थ घेतला: पूर्णपणे आणि कायमचं सोडणं. तात्पुरती गैरहजेरी म्हणजे नोकरीचा त्याग नव्हे, माणसाचा इरादा काय होता ते बघावं लागतं, असं ठरलं. १९९३ च्या डी. के. यादव यांच्या खटल्यात तर, स्थायी आदेशात (कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांत) 'इतके दिवस गैरहजर तर नोकरी आपोआप गेली' असं लिहिलेलं असलं तरी कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला काढता येणार नाही, असा निकाल झाला.

आता मामाच्या 'हिशोबा'बद्दल. पाच वर्षं भरलेली असली की राजीनाम्यावरही ग्रॅच्युइटी मिळते, हे त्याचं बरोबर होतं. पण ग्रॅच्युइटी धरतात शेवटच्या पगारावर, दर वर्षामागे पंधरा दिवस. त्या फुलस्केपवर सही झाली असती तर तेव्हाच्या पगारावर आणि तेव्हापर्यंतच्याच वर्षांवर खातं बंद. पर्सोनेलमध्ये जन्म काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं? ठाऊक असणारच. कामगाराकडून राजीनामा लिहून घेतला की कंपनीची इन्क्वायरी वाचते, ही त्याची रोजची सवय. ती तो आमच्या घरी घेऊन आला. कुठल्याही लग्नात भेटला की "मी सन्मानाचा मार्ग सांगितला होता" म्हणतो. मामा, वाचत असशील तर सांगते, सही आपली असली म्हणून शब्द आपला होत नाही.

केंद्र सरकारी नोकरीत तर याहून वाईट. जुन्या पेन्शनच्या नियमांत साधा 'रिझाइन' लिहिलं की मागची सगळी सेवा 'फॉरफिट'. तोच माणूस वीस वर्षांनंतर रीतसर नोटीस देऊन 'व्हॉलंटरी रिटायरमेंट' मागतो तेव्हा पेन्शन मिळते. रीतसर परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर जायला दिलेल्या राजीनाम्याची गोष्ट वेगळी. आणि हिंजवडीत नोटीस पिरियड न भरता गेलेल्या पोराला एचआरवाले 'अॅबस्कॉन्ड' म्हणतात. तो शब्द खरं तर फरारी आरोपीचा. तुम्ही जाणार असाल तर तारीख घालून 'रिझाइन' लिहा, पोच घ्या. जाणार नसाल आणि तसलं पत्र आलं तर लगेच स्पीड पोस्टाने उत्तर द्या. पोस्टकार्ड नको.

अर्थात कोर्टाचा निकाल आहे म्हणून महिनोन्महिने गायब राहू नका. कंपनी परत परत बोलावते आणि माणूस दादच देत नाही, अशा वेळी कोर्टांनी 'अबॅन्डन' मान्यही केलंय. जुन्या स्थायी आदेशांत रजा संपल्यावर आठ दिवसांत हजर व्हायची अट असायची. आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली आहे आणि स्थायी आदेश तीनशे किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणीच सक्तीचे आहेत, तेव्हा छोट्या कारखान्यात असाल तर नेमणूकपत्र नीट वाचा आणि वकिलाला विचारा. मी वकील नाही.

'डेझर्ट' आणि 'फॉरसेक' राहिलेच. 'डेझर्ट' सैनिक पलटण सोडून पळतो ते, किंवा नवरा-बायकोपैकी एकजण दुसऱ्याला टाकून जातो ते. हिंदू विवाह कायद्यात सलग दोन वर्षं असं झालं तर घटस्फोट मागता येतो, आणि तिथेही कोर्ट इरादाच बघतं. 'फॉरसेक' जुन्या पुस्तकी इंग्रजीतला, परीक्षेत आला तर अबॅन्डनच्या जवळचा धरा.