वकिलाचा सल्ला: ‘मी जाऊन सगळं सांगून टाकतो’

प्रश्न : वकीलसाहेब, माझा धाकटा भाऊ व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करतो. एफबीआयची दोन माणसं घरी येऊन कंपनीच्या बिलांबद्दल विचारून गेली. तो म्हणतो, ‘मी काही केलं नाही, जाऊन सगळं सांगतो.’ जाऊ द्यावं का?

उत्तर : ताई, आजच फोन करून त्याला थांबवा. निर्दोष माणसंच जास्त बोलतात, हे मी तिथं वीस वर्षं पाहिलंय. फेडरल, म्हणजे एफबीआयसारख्या केंद्र सरकारच्या, अधिकाऱ्याला जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती देणं हा तिथं स्वतंत्र गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैद. मग मूळ बिलांचं काही निघो न निघो. ‘वकिलाशी बोलून कळवतो’ एवढंच म्हणावं. आणि एकही ईमेल पुसू नये! तो वेगळाच गुन्हा होतो.

वकील फेडरल कोर्टात फौजदारी खटले चालवणारा हवा. घराचे कागद करणारा ओळखीचा वकील नको. आरोप दाखल झाला आणि पैसे नसले, तर कोर्ट वकील नेमून देतं, नागरिक नसला तरी. गुन्हा कबूल करण्याआधी व्हिसाचं काय होईल हे स्पष्ट विचारावं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2010च्या पडिला निकालानुसार, कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर तो सांगणं वकिलावर बंधनकारक आहे.

तुम्हीही त्याला फोनवर ‘नेमकं काय झालं’ विचारू नका. उद्या साक्षीला तुम्हालाच बोलावतील.