घरची वाईन विकायची असेल तर आधी बाटली उन्हाळा काढते का ते बघा

तुम्ही फोंड्याला घरी जांभळाची वाईन करता, पाहुण्यांना ती आवडते, आणि आता छोटी वायनरी काढायची तर सुरुवात कुठून करावी, असं विचारलंय. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात जांभूळ आणि बोंडूची (काजूच्या फळाची) वाईन करून विकतो. माझं मत विचाराल तर परवान्याच्या आधी बाटलीकडे बघा.

घरची वाईन नाताळात उघडली की संपते. विकलेली बाटली दुकानाच्या फळीवर एप्रिल-मे काढते, तेही एसी नसलेल्या दुकानात. गोव्यात बऱ्याच गिऱ्हाइकांना गोड पोर्ट वाईनची सवय, म्हणजे वाईन गोडच हवी. गोडवा ठेवायचा म्हणजे साखर शिल्लक ठेवायची, आणि यीस्ट जिवंत राहिलं तर बंद बाटलीत ते पुन्हा कामाला लागतं. आधी बुचाच्या कडेने ओल दिसते, मग बूच वर सरकतं, कधी काचच फुटते. म्हणून फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, पूर्ण होऊ द्या. घनता मोजणारा हायड्रोमीटर तीन-चार दिवस लागोपाठ एकाच आकड्यावर, साधारण ०.९९५च्या आसपास, थांबला पाहिजे. मग वाईन गाळावरून काढून नीट निवळू द्या. गोडी त्यानंतर घाला, सोबत पोटॅशियम सॉर्बेट आणि केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), दोन्ही अन्नसुरक्षा नियमांच्या मर्यादेत. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, वाढू देत नाही एवढंच. त्यामुळे गढूळ वाईनमध्ये त्याचा भरवसा धरू नका. ऐपत असेल तर यीस्ट गाळून काढणारा ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर घ्या. पहिला मोठा खर्च मी त्यावरच करायला सांगेन.

दुसरी गोष्ट वहीची. तीच चव पुढच्या वर्षी देता आली तरच दुकानदार पुन्हा माल घेतो. जांभळाची गोडी झाडागणिक बदलते, म्हणून ‘एवढ्या किलोला एवढी साखर’ हा घरचा हिशेब इथे चालत नाही. रस मोजा आणि साखर घालून घनता १.०९०च्या जवळ आणा. ती ०.९९८वर उतरली तर फरकाला १३१ने गुणा, अल्कोहोल सुमारे १२ टक्के येतं. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३.२ ते ३.६मध्ये ठेवा. तापमानही रोज लिहा, कारण आपल्याकडच्या उकाड्यात पिंप आतून आणखी तापतं आणि वाईनचा सुवास उडून जातो.

फळाचं गणित बहुतेकजण उशिरा करतात. जांभूळ मेअखेरीस पिकतं आणि पहिल्या मोठ्या पावसात खाली चिखल होतो. बोंडू तर झाडाखालून उचलल्यापासून दिवसभरात आंबायला लागतो. शिवाय तो फेणी गाळणाऱ्या भट्टीवाल्यालाही हवा असतो, त्यामुळे भाव त्याच्या हातात. बागायतदाराशी हंगामाआधीच बोलून ठेवा आणि डीप फ्रीजरची सोय करा. गोठवलेलं जांभूळ फोडल्यावर रंगही चांगला सोडतं.

परवान्याशिवाय एक बाटलीसुद्धा विकू नका, ओळखीत पैसे घेऊनही नाही. पहिली फेरी पणजीला अबकारी खात्यात मारा आणि फळांच्या वाईनसाठी सध्या काय लागतं ते तिथेच विचारा. अन्नसुरक्षा परवाना, पंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ हेही मागोमाग येतं. घरच्या स्वयंपाकघरावर विसंबू नका, वेगळी जागा धरूनच हिशेब मांडा. शेजारच्या राज्यात माल पाठवायचा तर तिथले नियम आणि कर वेगळे.

किंमत ठरवताना एक बाब हमखास सुटते. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे बाटली, बूच आणि लेबलावर भरलेला जीएसटी तुम्हाला वळता करून मिळत नाही. तो खर्चातच धरा, त्यावर अबकारी आणि व्हॅट चढवा, दुकानदाराचं कमिशन घाला, आणि मग जो आकडा येईल तो आज वाईनची तारीफ करणाऱ्या पाहुण्यांना सांगून बघा.